चुना, दगड आणि काच
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, आणि वीस वर्षे पूल, फलाट व क्वार्टर्स सांभाळतो आहे. त्यामुळे मी शिल्पशास्त्र सांगणार नाही. भिंतीबद्दल बोलेन.

आपल्या यशवंतपूरजवळच तीन काळ उभे आहेत. मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वर मंदिर एकोजीराजे भोसल्यांचे मानले जाते; त्यांच्या दानाचा 1669 चा शिलालेख तिथे आहे. शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून आपली माणसे या गावात आहेत. दुसरे, टाटा इन्स्टिट्यूटची करड्या ग्रॅनाइटची मुख्य इमारत. तिचे आराखडे मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्सचे. त्याच्या वडिलांनी बोरीबंदरचे व्ही.टी. स्टेशन बांधले, म्हणजे रेल्वेवाल्यांचे नातेच लागते! आणि तिसरा, 2010 मधला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा काचेचा मनोरा. तो ज्या आवारात आहे तिथे पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. त्या कारखान्याच्या निमित्ताने इथे आलेली कुटुंबे आजच्या सभेतही असतील.

जुन्या बंगळूरच्या घरात उंच छत, झरोके, पुढे पडवी आणि वर मद्रास टेरेस, म्हणजे सागवानी तुळयांवर चुन्यात उभ्या बसवलेल्या विटा. पंख्याशिवाय उन्हाळा निघे. इथल्या हवेत काचेची भिंत म्हणजे आधी ऊन आत घ्यायचे आणि मग ते बाहेर काढायला वीज जाळायची. पण एक मान्य केले पाहिजे. पडवीच्या घरात एक कुटुंब राहते. त्याच जागेवर आज वीस राहतात. एवढ्या माणसांना पडव्या कुठून आणायच्या?

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला विटांच्या एका जुन्या गुदामाची दुरुस्ती माझ्याकडे आली. चुन्याच्या दरजा ठिसूळ झाल्या होत्या. मी त्या उकरून सिमेंटने भरल्या, वर सिमेंटचा गिलावा केला. म्हातारा गवंडी म्हणाला होता, "साहेब, चुन्यावर चुनाच लागतो." मी ऐकले नाही, पुस्तकात सिमेंट मजबूत होते ना! दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडली, आणि क्षार येऊन विटांचे तोंडच भुगा होऊन गळू लागले. शंभर वर्षे टिकलेली भिंत मी दोन वर्षांत बिघडवली. तो गवंडी मला नंतर भेटलाच नाही.

म्हणून 1915 च्या चिक्कबळ्ळापूर मार्गावरचे नंदी हॉल्टचे दगडी स्टेशन इंटॅकने दुरुस्त करून घेतले, ते मी मुद्दाम जाऊन पाहिले. भिंतीवरून हात फिरवला. बरे वाटले.

अट्टारा कचेरी, म्हणजे आजचे हायकोर्ट, 1860 च्या दशकातले. 1980 च्या सुमारास ती पाडण्याचे ठरत होते. लोकांनी विरोध केला, प्रकरण त्याच इमारतीतल्या न्यायालयात गेले, आणि इमारत राहिली. समोर 1956 ची विधानसौध. दोन्ही एकमेकींसमोर आहेत म्हणूनच दोन्ही कळतात.

आपल्यापैकी तीन-चार घरी सध्या बिल्डर येऊन बसतो, हे मला ठाऊक आहे. देऊ नका असे मी म्हणणार नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला लिफ्ट लागते. पण "छत गळते, घर संपले" असे तो म्हणाला तर लगेच सही करू नका. बहुतेकदा गच्चीचा चुनाच गेलेला असतो, तुळया ठणठणीत असतात. मला बोलवा, मी हातोडी घेऊन येतो. पैसे नकोत, चहा पुरे.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता काडू मल्लेश्वराच्या दाराशी जमू. मुलांना आणा.