ताजी भाजी आणि आपला शब्द



आम्ही शाळा फार शिकलो नाही. जे शिकलो ते हमालांच्या अड्ड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

१९६३ च्या बाजार समिती कायद्यामागे हेतू चांगला होता. उघड लिलाव व्हावा, माप खरे असावे, शेतकरी नाडला जाऊ नये. पण मळा आणि चूल यांच्यामध्ये हात वाढतच गेले. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला यांची विक्री बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली आणि पुण्यासारख्या शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले.

"मग हमालांनी काय करावयाचे?" असे आमचेच सोबती विचारतात. प्रश्न खरा आहे. माल आवाराबाहेर उतरला की हमाली बुडते. पण हमालाच्या घरीही संध्याकाळी भाजी लागतेच. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या कामकऱ्यांनी पै-पैसा जमवून दुकान काढले, ते निर्भेळ पीठ, लोणी, साखर रास्त भावात मिळावी म्हणूनच.

आमच्या वस्तीतील चाळीस कुटुंबांनी असाच घाट घातला. एक शेतकरी दर रविवारी पहाटे मेथी, शेपू, वांगी आणू लागला. एका रविवारी पाऊस कोसळला आणि अकरा घरचीच माणसे आली. उरलेल्या जुड्या तो भिजत परत घेऊन गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याचे काय चुकले? गिरणीच्या दारावरून बदली कामगाराला "आज काम नाही" म्हणून परत पाठविताना आम्ही पाहिले आहे. त्याविरुद्ध आयुष्यभर भाषणे केली आणि तेच आम्ही त्या शेतकऱ्याला केले!

आम्ही त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. आता महिन्याचे पैसे आगाऊ देतो. मळ्यात पिकेल ते घेतो. गवार नसेल तर भोपळा. जपानात १९७० नंतर शहरातील कुटुंबांनी शेतकऱ्यांशी असेच करार केले. माल उतरविण्यास व तोलण्यास दोन हमाल ठेवले आहेत. त्यांची मजुरी भावातच धरलेली असते.

ताज्या भाजीची आवड सर्वांनाच असते; पण आवड पावसात टिकत नाही, शब्द टिकतो. आपल्या पेठेत दहा घरे जरी शब्दाला जागली, तरी आरंभ करावयास तेवढी पुरेत.