वहीतून संगणकात : आपल्या ग्रंथालयाची नोंद
(विहाराच्या वर्धापनदिनी मलकापूर येथे केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांनी केलं. ग्रंथालयाची नोंद संगणकावर घेण्याचे ठरले आहे, त्यावर दोन शब्द बोलतो.

प्रथम एक चूक कबूल करतो. आपल्या वस्तीतली एक मुलगी परीक्षेच्या अभ्यासासाठी बाबासाहेबांच्या भाषणांचा अठरावा खंड मागायला आली. आम्ही वही उघडली. 'खंड, एक प्रत, नेला' एवढंच लिहिलेलं. कुणी नेला, कधी नेला, कुठला भाग नेला, काही नाही. या खंडाचे तर तीन भाग आहेत. मुलगी रिकाम्या हाताने गेली. पुढे साफसफाई करताना तिला हवा असलेला भाग आपल्याच कपाटात मागच्या रांगेत सापडला. घरी नेऊन दिला, पण परीक्षा होऊन गेली होती. वहीतलं अक्षर आमचंच होतं.

नोंदीची किंमत काय असते, हे साताऱ्याने दाखवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर नंबर १९१४. ती एक ओळ जपली गेली. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आपली तरुण मंडळी 'कोहा' ही संगणक प्रणाली घ्या म्हणतात. न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती १९९९ साली तयार झाली. २००० साल उजाडताच जुनी प्रणाली बंद पडेल, ही त्यांना धास्ती होती. नवी प्रणाली त्यांनी साऱ्या जगाला मोफत दिली. कोहा हा माओरी भाषेतला शब्द. अर्थ भेट, दान. पण मोफत म्हणजे बिनकष्टाचं नव्हे.

गिरणीच्या स्टोअरात प्रत्येक खणाला बिन कार्ड असतं. माल आला, लिहा. गेला, लिहा. शिल्लक लिहा. कार्ड आणि खण जुळले नाहीत, तर आधी माल मोजतात, मग कार्ड दुरुस्त करतात. आपणही आधी पुस्तकं मोजू. चुकीची वही संगणकात भरली, तर चूकच झटपट सापडेल, पुस्तक नाही.

प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक हवा. जुना असेल तोच ठेवा. खंड आणि भाग वेगळ्या रकान्यात लिहा. लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं लिहा. एका ठिकाणी 'आंबेडकर', दुसरीकडे 'डॉ. बाबासाहेब', तिसरीकडे 'भीमराव रामजी' लिहिलं, तर आपल्याला एकच माणूस दिसतो, संगणकाला तीन दिसतात. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, नाहीतर शोधताना सापडणार नाही. कुणी काय वाचलं, ती यादी चारचौघांत फिरवू नका.

नोंदीची प्रत दर आठवड्याला काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा वेगळ्या जहाजाने येणारी त्यांची पुस्तकं जहाजाबरोबर बुडाली. सगळं एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका आजही तोच आहे.

शेवटचं सांगणं. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. आमच्या आईने मजुरीच्या पैशातून या ग्रंथालयाला एक पुस्तक दिलं. वहीत तिचं नाव आहे आणि शेजारी तिचा अंगठा. तिला वाचता येत नव्हतं. देणगीदाराचा रकाना संगणकात ठेवला, तर नाव जाईल, अंगठा मात्र वहीतच राहील. अशा किती आयाबायांचे अंगठे त्या वह्यांत आहेत!

तेव्हा दर रविवारी दोघांनी दोन तास द्यावेत. पहिल्या रविवारी पुस्तकं मोजायला आम्ही येतो. पुन्हा एखादी मुलगी पुस्तक मागायला आली, तर ते कुठं आहे हे तिला तिथल्या तिथं सांगता आलं पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!