आधी सांडपाणी, मग ड्रम



 सकाळपासून टॅनरीचालकांच्या या सभेत निर्यातीवर पुष्कळ बोलणे झाले आणि सांडपाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नाही.

नवी टॅनरी काढू पाहणारे तरुण आराखडा घेऊन येतात. ड्रम कुठे, फ्लेशिंग मशीन कुठे, वाळवण कुठे, सगळे आखलेले असते. सांडपाण्याची टाकी उरल्यासुरल्या कोपऱ्यात. एक टन कच्चे कातडे कमवायला प्रचलित पद्धतीने तीस-चाळीस हजार लिटर पाणी लागते आणि हाती येते दोन-अडीचशे किलो चामडे. बाकीचे मांस, चरबी, केस, चुना गटारात नाहीतर ढिगात. वजनाने पाहिले तर आपण घाणीचे उत्पादक आहोत; चामडे हा आपला जोडधंदा!

त्यातही कातडे कमवायला वापरल्या जाणाऱ्या क्रोमची बदनामी मोठी, पण त्याला उपाय आहे. क्रोमचे पाणी वेगळ्या नळीने घेतले, मॅग्नेशियम ऑक्साइडने साका खाली बसवला आणि तो आम्लात विरघळवला, की क्रोम पुन्हा ड्रममध्ये जाते. खरे दुखणे मिठाचे आहे. कातडे सडू नये म्हणून टनामागे तीन-चारशे किलो मीठ चोळतात. पहिल्याच भिजवणीत ते पाण्यात उतरते आणि कुठलाही जिवाणू ते खात नाही. पाणी आटवून मीठ वेगळे काढले, तर त्या मळक्या मिठाला गिऱ्हाईक नाही. पोती शेडमध्ये पडून राहतात. म्हणून भिजवणीआधी कातडे झाडून घ्या. हाताने झाडा, जाळीच्या ड्रममध्ये फिरवा, पण कोरडे मीठ कोरडेच गोळा करा. या कामाला यंत्रापेक्षा शिस्त जास्त लागते, आणि नेमकी तीच आपल्या अंदाजपत्रकात नसते.

तमिळनाडूत पालार नदीकाठच्या टॅनऱ्यांना सांडपाण्याचे हे हिशेब कोर्टाने करायला लावले. वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, असा निकाल दिला. तोवर तिथल्या विहिरी आणि जमिनी खारावल्या होत्या.

आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेल्या कातड्याची परंपरा आहे. कोल्हापुरी चपलेला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2025मध्ये मिलानमध्ये प्राडाने तशाच चपला मिरवल्या, गदारोळ झाला. चपलेवर सगळे बोलले, तिच्या कातड्यावर फारसे कोणी नाही. ते कमवायला आठवडे लागतात, तेवढे दिवस भांडवल हौदात अडकते. आणि सालीचे पाणी निरुपद्रवी असते, हा भ्रम सोडा. ते काळपट पाणी ओढ्यातला प्राणवायू खाते आणि सावकाश विघटते.

पाण्याइतकाच प्रश्न हे काम करणाऱ्या माणसांचाही आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावरांचे कातडे वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार. मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे. तरी गावाने ज्यांच्यावर हे काम लादले, त्यांच्या मुलांना ते नको वाटले तर तो त्यांचा हक्क आहे. उद्या टॅनरीत माणूस हवा असेल, तर हातमोजे, गमबूट, रीतसर पगार आणि पक्की नोकरी द्यावी लागेल.

शेवटचा मुद्दा जिवाचा आहे. चुन्याच्या हौदातले सल्फाइडचे पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळले, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. टाकी साफ करायला उतरलेला माणूस काही श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही. वायूच नव्हे, टाकीही जीव घेते: 2015च्या जानेवारीत तमिळनाडूतल्या राणीपेटला गाळाच्या टाकीची भिंत फुटून शेजारी झोपलेले 10 कामगार गेले.

ठरावांचा मसुदा संध्याकाळपर्यंत खुला आहे. आम्लाची आणि चुन्याची गटारे वेगळी ठेवू, आणि हवा तपासल्याशिवाय कोणालाही टाकीत उतरवणार नाही, ही दोन कलमे त्यात घाला. कार्यकारिणीला माझी ही हात जोडून विनंती आहे.