यंत्राची निद्रा आणि जागेपणाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण आज संगणकाच्या क्षेत्रात उद्योग करीत आहेत. ‘चिरंजीव काय करतात?’ असे कोणी विचारले, तर ‘संगणकात आहेत’ एवढ्यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर संपते. मुलांचे श्रम कशाकरिता चालले आहेत हेच घरात ठाऊक नसेल, तर त्या श्रमांचे मोल व्हावे कसे? म्हणून त्यांच्या विद्येतील एक लहानसा विषय आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. चालू संगणकातील एकेक उपकरण काम नसताना झोपविणे व काम येताच जागे करणे, हा तो विषय होय. त्यास ‘रनटाइम पॉवर मॅनेजमेंट’ असे म्हणतात.

संगणकाला कळफलक, कॅमेरा, ध्वनी काढणारा भाग अशी अनेक उपकरणे जोडलेली असतात. प्रत्येकाचा कारभार पाहणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याचे नाव ड्रायव्हर. ह्या सर्व कारभाऱ्यांवर ऑपरेटिंग सिस्टिमची सत्ता चालते. उदाहरणार्थ आपण लिनक्स घेऊ. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला. आणि आपल्यापैकी अनेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आज तीच आहे. तेव्हा हा विषय दूरदेशीचा आहे असे कोणी समजू नये.

सबंध संगणक एकदम झोपविण्याची सोय जुनीच होती. परंतु संगणकावर पत्र वाचीत असता कॅमेऱ्याने वीज का खावी? वेगवेगळे ड्रायव्हर ह्यावर आपापल्या परीने उपाय करीत. पुढे राफाएल विसोत्स्की ह्यांनी सर्वांसाठी एक समाईक चौकट रचली व ती डिसेंबर २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३२ ह्या आवृत्तीत आली. अ‍ॅलन स्टर्न ह्यांचाही ह्या कार्यास मोठा हातभार लागला.

तिची रीत समजण्यास एखाद्या वाचनालयाची कल्पना करावी. आत येणाऱ्या प्रत्येक वाचकाने दाराशी ठेवलेल्या वहीत एक रेघ ओढावी आणि जाताना एक रेघ खोडावी. एकही रेघ उरली नाही म्हणजे शिपायाने दिवा मालवावा. लिनक्समध्ये रेघ ओढण्यास ‘गेट’ व खोडण्यास ‘पुट’ म्हणतात. उरलेल्या रेघांचा आकडा शून्यावर आला की उपकरण झोपण्यास मोकळे होते. शेवटचा वाचक उठताच दिवा मालविला आणि तोच दुसरा आला, तर खटाटोप व्यर्थ जातो. म्हणून थोडा वेळ वाट पाहण्याची सोयही ठेविली आहे. यूएसबी उपकरणांसाठी हा अवधी सामान्यतः २ सेकंदांचा असतो. शिवाय संगणकाच्या मालकास एखादे उपकरण झोपूच द्यावयाचे नसेल, तर तोही आपली एक रेघ ओढून ठेवू शकतो.

उपकरणांतही वडील आणि अपत्य असे नाते मानलेले आहे. अनेक उपकरणे ज्याला जोडतात तो यूएसबी हब वडील, आणि जोडलेली उपकरणे त्याची अपत्ये. साधारण नियम असा, की एकही अपत्य जागे असेतो वडिलांनी झोपू नये. आणि अपत्याला उठवावयाचे तर आधी वडिलांनी उठावे. हा नियम ऐकून सभेतील माताभगिनींना हसू येईल. कारण तो त्या न शिकताच पाळीत आल्या आहेत.

आता ह्यातील अवघड भाग. चौकट केवळ आकडा पाहते. गरज खरी की खोटी हे तिला कळत नाही. एका ड्रायव्हरने रेघ खोडली नाही तर उपकरण रात्रभर जागे राहते आणि सकाळी बॅटरी रिकामी सापडते. एक रेघ अधिक खोडली तर काम चालू असताच वीज जाते. आणि वीज गेलेल्या उपकरणास हात लावताच सारा संगणक गोठून जावा, असेही काही यंत्रांत घडते.

सर्वांत फसवी चूक निराळीच आहे. वाचकाने रेघ ओढली, पण दिवा काही केल्या लागेना. ‘मला उजेड मिळालाच नाही, मग रेघ कशाला खोडू?’ असे म्हणून तो घरी गेला. रेघ मात्र वहीत राहिली. लिनक्समधील जागे करण्याची एक प्रचलित आज्ञा नेमकी अशीच वागे व आजही वागते: जागृती फसली तरी ओढलेली रेघ ती स्वतः खोडीत नाही. कितीएक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात राहिले नाही. दुरुस्त्या पुष्कळ कराव्या लागल्या आणि अखेर २०२० साली, ५.१० ह्या आवृत्तीत, जागृती फसल्यास आपली रेघ आपणच खोडणारी नवी आज्ञा देण्यात आली. काम साधले असता हिशेब ठेवणे सोपे असते; काम फसले त्या वाटेवरचा हिशेब मात्र राहून जातो, आणि तो शोधण्यात आपल्या मुलांच्या रात्री जातात.

ह्या कामाला वाहवा मिळत नाही. उपकरण वेळेवर झोपले व वेळेवर उठले, तर काही घडले असे कोणास वाटतच नाही. म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच, की पुढच्या खेपेस चिरंजीव किंवा कन्या घरी आल्या म्हणजे पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी, ‘तुझ्या यंत्राच्या रेघा जुळल्या का?’ असे एकवार विचारून पाहावे. उत्तर लांबेल, पण ते शेवटपर्यंत ऐकावे.