'रक्तातच आहे' म्हणण्यापूर्वी



आम्ही बँकेतले कारकून, पदवी कला शाखेची. जनुकांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तरी हा विषय घेतला त्याला कारण आहे. पीककर्जाच्या खिडकीवर आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो. एखाद्याने दुबार पेरणीसाठी उसनवारी केली किंवा कोणी मटक्यात पैसा घालवला, की रांगेतला शहाणा म्हणतो, "बापही असाच होता, रक्तातच आहे ते." घरात कोणाला मनाचा आजार असला, तर हेच वाक्य मुलीच्या सोयरिकीत आडवे येते.

विज्ञान काय म्हणते? २०१९ साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपण जोखीम घेणारे आहोत काय, याची त्यांनीच दिलेली उत्तरे जनुकांशी ताडून पाहिली. जोखमीशी निगडित ९९ जागा सापडल्या. अतिचंचलता, द्विध्रुवी विकार, छिन्नमनस्कता यांच्याशीही काही जनुकीय दुवे सामाईक निघाले. म्हणजे रांगेतला शहाणा अगदीच खोटा नाही. पण या साऱ्यांची बेरीज करूनही माणसामाणसांतील फरकाचा जेमतेम १.६ टक्के भाग उलगडला! एवढ्यावर एका माणसाचे भाकीत कसे करणार? शिवाय ती माणसे युरोपीय वंशाची. आपला राळेगाव-पांढरकवड्याचा कास्तकार त्यांत नव्हता.

आणि कोरडवाहू कापूस पेरणारा जोखीम घेतो, असे तरी कसे म्हणावे? पावसाने दगा दिला की दुसरे बियाणे घ्यावेच लागते. ती वृत्ती नव्हे, ओलिताची सोय नाही म्हणून आलेली पाळी आहे.

जन्मावरून लायकी ठरवणे आपल्या समाजाने भोगले आहे. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला. तेच वाक्य आपल्या वस्तीत, आपल्याच तोंडून ऐकू येते तेव्हा आम्हाला वाईट वाटते.

मागे एका विद्यार्थ्याने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "काका, बाबांना झाले, मलाही होईल काय?" त्याला जे सांगितले तेच येथे सांगतो. शक्यता काहीशी वाढते, हे खरे. पण आईवडिलांपैकी एकाला छिन्नमनस्कता असली तरी बहुसंख्य मुलांना ती होत नाही. झोप उडाली, मन लागेनासे झाले, तर लपवू नये. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. तेथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.