टीबीची चिठ्ठी



धारणी-चिखलदऱ्याकडची माणसं घाट उतरून परतवाड्याच्या बाजारात येतात, तेव्हा महिनाभराचा खोकलाही सोबत असतो. जवळच्या दवाखान्यात दाखवतात, चिठ्ठी घेतात, शेवटची एसटी गाठतात. आज त्या चिठ्ठीबद्दल बोलू.

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार आपल्या देशात ठरलेला आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. गोळ्या रोज, वजनाप्रमाणे.

तरी चिठ्ठ्या जुळत नाहीत. मुंबईच्या धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांनी टीबीवर ८० तऱ्हांचे उपचार लिहिले, असं १९९१ साली प्रसिद्ध झालं. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मुंबईचीच नवी पाहणी मांडली. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हा; बिनचूक चिठ्ठी फक्त सहा जणांची.

चिठ्ठी चुकली की बिघडतं काय? टीबीच्या असंख्य जंतूंत एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे असतातच. चार औषधं एकत्र पडली की एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो. पण गुण येईना म्हणून चालू गोळ्यांत एकच नवं औषध वाढवलं, तर जंतूंशी ते एकटंच लढतं आणि थोड्याच दिवसांत तेही निकामी होतं. खोकला साधा समजून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं तर रोग काही दिवस दबतो, निदान मात्र लांबतं.

डॉक्टरांचीही अडचण असते. पेशंटला चार दिवसांत आराम हवा, तपासणीला पैसे नाहीत, तो पुन्हा येईल याचा भरवसा नाही. त्यावर उपाय आहे. २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे. नोंद झाली की खासगी दवाखान्यातल्या रुग्णालाही सरकारी औषधं फुकट मिळू शकतात. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात.

तेव्हा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर आधी बेडका तपासायला द्या. टीबी निघाला तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझं वजन केलं का? चारही औषधं आहेत का? माझी नोंद झाली का? यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर तिन्हींची उत्तरं चिठ्ठीवरच लिहून देईल.