शेरूचा पाय आणि आपले पहिले शील

(विहाराच्या वर्धापनदिनी बुटीबोरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी समिती आम्हाला दोन शब्द बोलायला सांगते. मागे आम्ही शिक्षणावर बोललो, व्यसनावर बोललो, कामगार कायद्यावर बोललो. यंदा विषय कोणता, असे अध्यक्षांनी विचारले तेव्हा आम्ही म्हटले, "कुत्रा." साहेब हसले. तुम्हीही हसता आहात. हसा. पण आमच्या घरच्या शेरूचा पुढचा डावा पाय येत्या मंगळवारी कापायचा आहे, आणि गेले दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नाही. जो विषय घरात आहे तोच विहारात मांडावा असे आम्हाला वाटले.

झाले ते थोडक्यात सांगतो. आपले बुटीबोरी म्हणजे चौफुलीचे गाव. इथूनच एक रस्ता वर्ध्याकडे जातो, एक हैदराबादकडे. त्यात एमआयडीसी. रात्रंदिवस ट्रक. आम्ही रात्रपाळी करून सायकलने येत होतो, शेरू नेहमीप्रमाणे सामोरा धावत आला आणि एका गाडीच्या धक्क्याने फेकला गेला. गाडी थांबली नाही. रक्त फारसे नव्हते. म्हणून आम्ही म्हटले, मुका मार आहे, बसेल. इथे आमची पहिली चूक झाली. दुसरी त्याहून मोठी. तो विव्हळत होता म्हणून घरात माणसाची दुखण्याची गोळी होती ती आम्ही त्याला गुळात घालून दिली. सकाळी त्याला काळपट उलट्या. डॉक्टरांनी आम्हाला चांगलेच फैलावर घेतले, आणि ते बरोबर होते.

माता-भगिनींनो, एवढी एक गोष्ट तरी घरी घेऊन जा. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्या-मांजराला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड जाते. साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. डायक्लोफिनॅक गुराढोरांना देण्यावर तर आपल्या देशात २००६ सालीच बंदी आली, कारण ते औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरत होती. आम्ही वर्तमानपत्र रोज वाचणारे, लोकांना वाचून दाखवणारे; आणि घरच्या मुक्या जिवाला न विचारता गोळी दिली. वाचणे वेगळे आणि वागणे वेगळे, हे आम्हाला त्या सकाळी समजले.

मग नागपूरला नेले. आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९५८ साली सुरू झालेले. तिथे डॉक्टरांनी शेरूच्या पंजाची बोटे चिमट्याने दाबून पाहिली. त्याने पाय ओढला नाही, मान वळवून पाहिलेही नाही. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण खांद्यापाशी पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना जबर मार बसला आहे. काही आठवडे वाट पाहू. जीव परत आला तर ठीक.

आम्ही वाट पाहिली. मालिश केली, पट्ट्या बांधल्या. पण पाय लोंबतच राहिला. चालताना पंजा उलटा घासायचा, वरची कातडी सोलून जखम व्हायची. संवेदना नाही म्हणून त्याला ते कळायचे नाही, आणि जखमेवर माश्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, हा पाय आता त्याचा आधार नाही, ओझे आहे. जखम चिघळून विष अंगभर पसरण्याआधी काढलेला बरा.

आता वस्तीत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, सुई देऊन मोकळे करा. कोणी म्हणाले, सोडून द्या एमआयडीसीत, तिकडे पुष्कळ कुत्रे आहेत. ही मंडळी वाईट नाहीत. पण आम्हाला सर्वांत जास्त लागले ते आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजीचे बोलणे. ती आज इथे पुढेच बसली आहे, तिच्या परवानगीने सांगतो. ती म्हणाली, "बापू, आमाले पान्याले शिवू देत नव्हते, अन् कुत्रं खुशाल पाणी पिऊन जाय. आता तू त्याच कुत्र्यासाठी पैसे लावून रायला?"

यावर आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. कारण ती खोटे बोलत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते ह्याच अन्यायासाठी. जिथे गुरेढोरे पाणी पीत होती तिथे माणसाला मज्जाव होता. ती आग आजीच्या पिढीने अंगावर सोसली. आम्ही दोन रात्री ह्या प्रश्नावर विचार केला. रिंगफ्रेमवर उभे राहून केला, तुटलेला धागा जोडता जोडता केला.

आम्हाला सापडले ते असे. तळ्यावर कुत्र्याने आपल्याला अडवले नव्हते. अडवले ते माणसाने. आपला लढा कुत्र्याचे पाणी बंद करण्यासाठी नव्हता, आपले पाणी मिळवण्यासाठी होता. आणि बाबासाहेबांचे राजगृहातले एक छायाचित्र आहे, १९३४ सालचे. माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, कुटुंबातली मंडळी आहेत, आणि त्याच छायाचित्रात बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. ज्या महामानवाने चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्याच्याच घरात कुत्र्याला जागा होती. त्यांच्या मनात ह्या दोन गोष्टींचे भांडण नव्हते. मग आपल्या मनात का असावे?

जातक कथांत कुक्कुर जातक म्हणून एक कथा आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी साज पावसात भिजले आणि रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम काढला, दिसेल ते कुत्रे मारा. मात्र राजवाड्यातली कुत्री सोडा. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी दरबारात गेला आणि त्याने राजाला विचारले, हा कुठला न्याय? वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ पाजायला लावून त्याने ओकारीतून चामडे बाहेर काढून दाखवले. चोर वाड्यातच निघाले. बंधूंनो, आम्ही जातक कथा चमत्कार म्हणून वाचत नाही. गुन्हा वाड्यात आणि शिक्षा वस्तीला, हे आपण ओळखतो की नाही? म्हणून वाचतो.

आणि सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख. माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोन्हींसाठी औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती लावल्या, विहिरी खोदल्या, असे त्यात कोरलेले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी! आपल्या विदर्भातही, चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक येथे, प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई करणारा ब्राह्मी लिपीतला जुना लेख सापडलेला आहे. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. ते फक्त 'मारू नका' एवढेच सांगते काय? दारात तडफडणाऱ्याला तसेच ठेवणे हे त्या शीलात बसते काय? ज्याने त्याने ठरवावे.

आता तयारीकडे येतो, कारण नुसत्या दयेने पाय बरा होत नाही. आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याचा हात काही वर्षांपूर्वी कार्डिंगच्या मशीनमध्ये गेला. शुद्धीवर आला तेव्हा हात नव्हता. तो आम्हाला म्हणाला होता, "कापला त्याचं दुःख आहेच, पण आधी कोणी दोन शब्द सांगितले असते, घरी काय करायचं ते बायकोले समजावलं असतं, तर एवढे हाल झाले नसते." ते वाक्य आमच्या डोक्यात आहे. शेरूला सांगता येत नाही. म्हणून आम्हीच सगळे विचारून घेतले आणि वहीत लिहिले.

पहिली गोष्ट, पाय किती कापायचा. आम्ही म्हटले, नुसता पंजा काढा. डॉक्टर म्हणाले, नाही. अर्धा पाय ठेवला तर कुत्रा तो टेकवायला बघतो, आपटतो, पुन्हा जखम होते. म्हणून पुढचा पाय खांद्यापासून काढतात. ऐकून घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण कारण कळल्यावर मन तयार झाले.

दुसरी, बाकीचे तीन पाय. कुत्र्याच्या अंगाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. तो आता एकावर येणार. म्हणून डॉक्टरांनी दुखरा पाय बांधून त्याला चालवून पाहिले, मागची कंबर तपासली. वजन वाढू द्यायचे नाही, असे बजावले. आमच्या घरात जो तो त्याला भाकर टाकायचा, ते बंद केले.

तिसरी, रक्ताची तपासणी. आपल्याकडे गोचिडांमुळे ताप येतो, त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. तशा अवस्थेत चाकू लावला तर रक्त थांबत नाही. अपघात झालेला म्हणून छातीचा एक्सरेही काढला. दोन्ही ठीक आले.

चौथी, घर. आमच्या घरात गुळगुळीत टाइल्स. तीन पायांचा जीव त्यावर घसरणार. म्हणून त्याच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत बारदाने आणि जुन्या सतरंज्या अंथरल्या. ओट्याच्या पायरीला फळी लावली. जेवणाचे भांडे दोन विटांवर ठेवले, म्हणजे त्याला फार वाकावे लागणार नाही. जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला. छातीखालून घालून पहिले काही दिवस आधार द्यायचा.

पाचवी, सवय. टाके चाटू नये म्हणून गळ्यात मोठी कॉलर घालावी लागते. ती एकदम घातली तर कुत्रा बिथरतो. आमच्या मुलाने जुन्या प्लास्टिक बादलीचा तळ कापून, कडेला कापड गुंडाळून तशी कॉलर केली. रोज दहा मिनिटे घालतो आणि तोवर हाताने खाऊ घालतो. सुरुवातीला शेरू दाराला धडकत होता, आता बादली पाहून शेपूट हलवतो. लहान मुलांना सांगून ठेवले आहे की दुखण्यात आपलाच कुत्राही चावू शकतो, अंगाशी जाऊ नका. आणि कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका, अंगारा-धुपारा करू नका. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

सहावी, आदला दिवस. सोमवारी त्याला अंघोळ, कारण पुढे दोन आठवडे जखम भिजवायची नाही. संध्याकाळी हलके जेवण, रात्री दहानंतर काही नाही. पाणी डॉक्टर सांगतील तोपर्यंत. चाललेली औषधे चिठ्ठीवर लिहून न्यायची. जनावर उपाशी ठेवताना जीव तुटतो, पण पोट भरलेले असले तर भूल दिल्यावर उलटी श्वासनळीत जाते. म्हणून कोणी लाडाने बिस्कीट देऊ नका. हे आम्ही वस्तीतल्या सर्व पोट्ट्यांना सांगितले आहे!

सातवी, नंतरचे दिवस. पहिले दोन-तीन दिवस तो कण्हेल, शिवण सुजेल, काळीनिळी पडेल, घाबरायचे नाही. पण रक्त ठिबकले, पू आला, वास आला, दिवसभर लघवी झाली नाही किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना कळवायचे. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. आम्ही घरात पाळ्या लावल्या आहेत, गिरणीसारख्या. पहिली पाळी सौभाग्यवतीची, दुसरी मुलाची, रात्रपाळी आमची. ती आम्हाला नवी नाही.

खर्चाचे विचारता? ओव्हरटाइमचे पैसे आहेत. विहाराच्या दानपेटीतला एक पैसा आम्ही घेतलेला नाही आणि घेणार नाही; तो पैसा मुलांच्या अभ्यासिकेचा आहे.

एक कागद मात्र अजून आमच्या खिशात आहे. संमतीपत्र. भूल देण्यात धोका असतो, जिवाचे बरेवाईट होऊ शकते, असे त्यात लिहिले आहे आणि खाली सही करायची आहे. आयुष्यात आम्ही मागण्यांच्या निवेदनांवर, संपाच्या नोटिसांवर बेधडक सह्या केल्या. ह्या कागदावर हात अडतो. ज्याचा पाय आहे त्याला विचारता येत नाही, आणि तो तर आमच्या तोंडाकडे पाहत बसलेला असतो. पण सही न करणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमतही तोच भोगणार. म्हणून उद्या आम्ही सही करणार आहोत.

शेवटी एवढीच विनंती. वस्तीतून गाडी सावकाश चालवा. दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणाऱ्या मुलाचा हात धरा. आणि मंगळवारनंतर शेरू तीन पायांवर दिसेल तेव्हा त्याला 'लंगडा' म्हणून दगड मारू नका. नावे ठेवून हिणवणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही.

 जय भीम! नमो बुद्धाय!

ता. क. : स्मरणिका छापायला जाताना समितीने विचारले म्हणून चार ओळी. ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले. पहिल्या दोन रात्री कठीण गेल्या. तिसऱ्या दिवशी शेरू बारदानावरून दारापर्यंत स्वतः गेला, मध्ये एकदा पडला, आपला आपण उठला. बाराव्या दिवशी टाके निघाले. दवाखान्यातून परत आलो त्या संध्याकाळी आजी काठी टेकत आमच्या ओट्यावर आली होती. काही बोलली नाही. काखेतली जुनी गोधडी त्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि निघून गेली. तो आता तिच्यावरच झोपतो.